गादीवरून उठायचं नाही

मी जन्मभर साड्या विकल्या. जळगावात, दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत, एकाच दुकानात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या दुकानाबद्दल लिहितोय ते आता उरलेलं नाही. पाटी तीच आहे, पण पांढऱ्या गाद्या जाऊन काचेचे काउंटर आले आणि दारात पुतळ्या साड्या नेसवून उभ्या केल्या आहेत. अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा संपादकांना गिऱ्हाइकांचे किस्से हवे होते. ते माझ्याकडे पोत्याने आहेत. बायकोचं जुनं ब्लाऊज खिशात घालून रंग जुळवायला येणारे एक गुरुजी होते, आणि दर वेळी ते ब्लाऊज रुमाल समजून त्यानेच घाम पुसायचे. पण असल्या गोष्टी सांगायला लागलो की माझ्या शेजारच्या गादीवरचा माणूस मध्ये येतो. त्याला ओलांडून मला पुढे जाता येत नाही. म्हणून त्याचंच लिहितो.

त्याचं नाव भास्कर. मूळचा पहूरचा. काळासावळा, जाड मिशीचा, आवाज असा की रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक मान वळवील. आम्ही एकाच वर्षी दुकानात लागलो. सुरुवातीला दोघांचं काम एकच होतं, दुसऱ्यांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. ज्याला घडी घालता येत नाही त्याने साडी उलगडू नये, असा आमच्याकडे दंडक होता. पुढे दोघांनाही गादी मिळाली, शेजारी शेजारी.

आमच्या धंद्यातली खरी परीक्षा म्हणजे बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून खरेदीला येतात. नवरीचा शालू, हळदीची साडी, विहिणींच्या मानाच्या साड्या आणि भाऊबंदांना द्यायचे गठ्ठे, हे सगळं एका बैठकीत घ्यायचं. त्यात पैसे देणारा एक असतो, पसंत करणारी दुसरी असते आणि रुसणारं तिसरंच कोणीतरी असतं. ते रुसणारं माणूस चहा येण्याच्या आत ओळखायचं आणि पहिली साडी त्याच्याच पुढ्यात टाकायची. एवढं ज्याला जमलं तो सेल्समन झाला.

भास्करला याच्यापुढचंही जमायचं. तो साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवायचा. आम्ही बाकीचे पदर खांद्यावर टाकायचो तेवढंच. हा उठून उभा राहायचा, शर्ट-पँटवरच निऱ्या करायचा, पदर काढायचा आणि मान किंचित तिरपी करून थांबायचा. बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हसू थांबायचं, कारण साडी अंगावर कशी पडते ते दिसायला लागायचं. एवढा मिशीवाला बाप्या, पण शालू लावून उभा राहिला की नवरीची आई डोळे पुसायची. मी हे खूपदा पाहिलं आहे.

एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्यातरी पाड्यावरून एक म्हातारं जोडपं आलं. मुलीसाठी एकच साडी हवी होती. दोघं चपला काढतात त्या पायरीवरच बसली. भास्करने त्यांना हाताला धरून गादीवर आणलं आणि साड्यांवर साड्या उलगडल्या. त्या ढिगाकडे बघून दुकानातली पोरं हसायला लागली. गिऱ्हाईक गेल्यावर मीही म्हणालो, एका साडीसाठी एवढा पसारा कशाला? तो घड्या घालता घालता म्हणाला, "ज्याला एकच घ्यायची असते ना वसंता, त्याला जास्त बघू द्यावं."

असा हा माणूस. पन्नाशी अजून लांब होती तेव्हा त्याचं हसू गेलं.

गेलं म्हणजे कुठे गेलं ते कोणाला कळलं नाही. घरात काही वाईट घडलं नव्हतं. विनोद तसाच करायचा, पण चेहरा हलायचा नाही. गिऱ्हाइकं शेठजींना सांगायला लागली की तो मिशीवाला सेल्समन आमच्यावर चिडल्यासारखा बघतो. मग त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. कोणी सांगितलं, वात आहे. तेलाचं मालीश झालं, शेक झाला. चालताना उजवा हात मागेपुढे व्हायचा थांबला, अंगाला चिकटून राहायचा. आवाज खाली गेला. त्याची बायको मंगल एकदा माझ्या बायकोला म्हणाली की यांना शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो आणि मदत करायला गेलं की खेकसतात. आम्हाला वाटलं, वय होतंय, सगळ्यांचंच होतं.

मग हात हलायला लागला. काम करताना हलायचा नाही, ही त्यातली मोठी विचित्र गोष्ट. साडी उचलली की हात शांत. साडी ठेवून हात मांडीवर विसावला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागायची, जपमाळ ओढावी तशी. म्हणून तो हाताला रिकामं बसूच द्यायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायचा.

त्या वर्षीच्या लग्नसराईत जामनेरकडचा एक मोठा बस्ता भास्करच्या गादीवर आला. भरपूर माणसं होती. शालू बघून झाले, मानाच्या साड्या सुरू झाल्या. त्यांच्यात कसलीशी बोलाचाली लागली म्हणून भास्कर थांबला, आणि थांबल्याबरोबर त्याचा हात मांडीवर थरथरायला लागला. नवऱ्याच्या काकांनी ते पाहिलं. त्यांनी पुढे वाकून भास्करच्या तोंडाचा वास घेतला. सगळ्यांच्या देखत. मग सरळ झाले आणि शेठजींना मोठ्याने म्हणाले, "पिलेली माणसं बसवता का गादीवर? आमच्या घरचं मंगलकार्य आहे."

भास्करने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तो बोलायला गेला, पण घाबरलं की त्याचा आवाज आणखी बसायचा. शब्द एकमेकांत अडकले आणि ते ऐकून तर मंडळींची खात्रीच झाली. मंडळी उठली आणि तो बस्ता दुसऱ्या दुकानात गेला.

शेठजी भास्करला म्हणाले, तुम्ही काही दिवस वर गोदामात बसा. भास्कर माझ्याकडे वळला. एरवी दुकानात अगदी शुद्ध बोलणारा माणूस, त्या दिवशी पहूरच्या बोलीवर आला. "मी काहून वर जाऊ रे? मी काय केलं?" तो जिन्याने वर गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, मूठ उघडायला-मिटायला लावली, एक वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं. मग ते म्हणाले, हा कंपवात आहे. भास्कर म्हणाला, तो तर म्हाताऱ्यांना होतो. डॉक्टर म्हणाले, काहींना लवकर होतो. पुरता बरा होणार नाही, गोळ्यांनी पुष्कळ वर्षं हातपाय चालतील, पण व्यायाम सोडायचा नाही, बोलणं सोडायचं नाही आणि एकटं बसायचं नाही. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की धुळ्याला देवपुरात असे रुग्ण रविवारी एका शाळेत जमतात, यांना घेऊन जा.

मी शेठजींना आजाराचं नाव सांगितलं. एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. शेठजी दुष्ट नव्हते. आजोबांच्या वेळेला राजस्थानातून आलेलं जैन घराणं, नोकरमाणसाच्या घरी लग्न असलं की शेठाणी स्वतः साडी निवडून पाठवायच्या. त्यांनी भास्करला काढलं नाही, पगाराला हात लावला नाही. म्हणाले, त्यांनी वर आरामात बसावं, सुरतेहून आलेली गाठोडी सोडावी, कोणी त्रास देणार नाही. म्हणून तर पंचाईत झाली. माणसाला हाकललं तर भांडता येतं. त्याला दयेने अडगळीत ठेवलं तर भांडायचं कोणाशी?

गोदामाला खिडकी नव्हती. ज्याने बोलणं सोडायचं नाही त्याला बोलायला तिथे माणूस नव्हतं. मी दुपारी डबा घेऊन वर जायचो. तो गाठोड्याला टेकून बसलेला असायचा, उजवा हात डाव्या हाताने दाबून. गोळ्या घ्यायचा, पण लपवून, जशी काही चोरी. धुळ्याचा विषय काढला की म्हणायचा, आजारी माणसांचा बाजार बघायला मला नेऊ नकोस. नातेवाईक येऊन कोणी करणी म्हणायचे, कोणी पूर्वजन्म. मंगल मात्र एका कामाला लागली होती. तिने त्याच्या सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावली आणि वरून जुनी बटणं नुसती दिसायला शिवून टाकली. कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. एका सकाळी त्याने शर्ट घातला आणि तो आपोआप लागला. तेव्हा तो बऱ्याच महिन्यांनी रडला, असं ती म्हणाली.

पण हळूहळू त्याने मनाशी ठरवलं होतं. एका दुपारी म्हणाला, पुढच्या महिन्यात काम सोडतो आणि पहूरला जाऊन ओट्यावर बसतो. मी त्याला खूप बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि डबा बंद केला.

त्या रविवारी मी एकटाच धुळ्याला गेलो. आजार माझ्या मित्राला आणि सभेला मी, हे जरा वेड्यासारखं होतं. पण त्याच्या वतीने मीच बघून येतो, असं मनाने घेतलं. पांझरेवरच्या पुलाने देवपुरात उतरलो, शाळा शोधली. वर्गातले बाक भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बसलेली सगळी माणसं एका सुरात आरती म्हणत होती, अगदी बेंबीच्या देठापासून. मध्ये एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई हातातली छडी खुर्चीवर आपटून "जोरमा, जोरमा" असं ओरडत होती. देवभक्ती नव्हती ती, आवाज बसू नये म्हणून व्यायाम होता. बाईचं अख्खं अंग हलत होतं, मान, हात, छडीसुद्धा. सगळे तिला अक्का म्हणत. शिंदखेड्याकडच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि कंपवात अंगावर बाळगून फार वर्षं काढलेल्या.

नंतर चहा आला. प्रत्येक कप अर्धाच भरलेला आणि बशी कोणालाच नाही. मला वाटलं, चहा कमी पडला. मग लक्षात आलं की अर्धा कप हिंदकळला तरी सांडत नाही.

अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या आणि अहिराणीत विचारू लागल्या. "तुमले शे का हाऊ आजार?"

मी म्हणालो, नाही, माझ्या मित्राला आहे.

"मंग तुमना मित्र कोठे शे?"

मी सगळं सांगितलं. शालू लावून दाखवणं, वास घेणारे काका, गोदाम, पहूरचा ओटा. त्या मान हलवत ऐकत होत्या, की मानच हलत होती, ते कळत नव्हतं. सांगून झाल्यावर मला वाटलं, त्या धीराचे दोन शब्द देतील. त्यांनी विचारलं की दुकान कोणत्या वारी बंद असतं. आणि म्हणाल्या, "तो येत नई ना? मंग आपण जाऊत."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण त्या आठवड्याच्या एका सकाळी, दुकान नुकतंच झाडून झालं होतं, आणि दारात रिक्षा थांबल्या. अक्का उतरल्या. त्यांच्यामागे धुळ्याची आणखी चार-पाच मंडळी, कोणी काठी टेकत, कोणी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. धुळ्याहून बसने एवढा प्रवास करून आली होती. पायरी चढायला त्यांना बराच वेळ लागला. दुकानातले सगळे हातातलं काम टाकून बघत होते. अक्का माझ्या गादीकडे आल्याच नाहीत. भास्करच्या गादीवर, जिथे त्या महिन्यांत कोणी बसत नव्हतं, तिथे जाऊन बसल्या आणि शेठजींना म्हणाल्या की आम्हाला साड्या घ्यायच्या आहेत, पण तुमच्याकडे भास्कर म्हणून एक आहे, त्याच्याच हातून.

शेठजी म्हणाले की ते आता गादीवर बसत नाहीत, मी दुसरा चांगला माणूस देतो. अक्का म्हणाल्या, "घाई नई शे आम्हले. दुपारनी मोटर चुकनी ते संध्याकायनी शे." आणि पाय पसरून बसल्या.

गिऱ्हाईक गादीवर बसलं की त्याला उठवायचं नाही, हा शेठजींच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. शेठजी थोडा वेळ गल्ल्यावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी मला वर पाठवलं. मी भास्करला एवढंच म्हणालो की खाली गिऱ्हाईक आहे, तुझं नाव घेऊन बसलंय. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला आणि थांबला. त्याच्या गादीवर ओळीने बसलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक थरथरता हात. कोणी तो झाकला नव्हता.

भास्करने आपला हात पाठीमागे घेतला. अक्कांनी ते पाहिलं.

"आठे बठ्ठासना हात हालतस," त्या सगळ्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या. "लाज कसानी? ती हिरवी दखाडा माले."

तो आला, गादीवर बसला. हिरवी साडी काढली. उलगडताना त्याला वेळ लागला, पण कोणालाच घाई नव्हती. दुसरी काढली, तिसरी काढली. मग अक्का म्हणाल्या की अशी नाही कळत, अंगावर लावून दाखवा, त्याच्यासाठी तर आलो. भास्कर उठला. निऱ्या घालायला बोटं ऐकेनात. एक निरी सुटली, पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मी मदतीला उठायला लागलो तर अक्कांनी नजरेने मला बसवलं. शेवटी त्याने निऱ्या खोचल्या, पदर घेतला आणि मान तिरपी केली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हलणाऱ्या हातांच्या टाळ्या फार वेळ चालतात. भास्करचा चेहरा तसाच कोरा होता, चेहऱ्यावर काही उमटत नसे ना, पण मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो. तो हसत होता.

जेवायला मंडळी माझ्या घरी आली. तिथे गोळ्यांच्या गप्पा निघाल्या. गोळीने अंग सुटं झालं की ते लोक म्हणत, चढली. जोर ओसरला की म्हणत, उतरली. भास्करने हे ऐकलं आणि म्हणाला, मग ते काका काही अगदीच खोटं बोलले नाहीत. त्यावर जे हसू झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी तो गोदामात गेलाच नाही. आला आणि आपल्या गादीवर बसला. शेठजींनी त्याला बोलावून समजावलं. ते काही एका दिवसात विरघळले नव्हते. त्यांचं म्हणणं, कालची मंडळी आपली होती, सगळी तशी नसतात. लग्नसराईत पुन्हा कोणी उठून गेलं तर? भास्कर उभा राहून ऐकत होता. माझं डोकं फिरलं. मी शेठजींसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी म्हणालो, "शेठजी, उद्यापासून त्याची आणि माझी गादी एक करा. तो बोलेल, लावून दाखवेल, मी उलगडीन आणि घड्या घालीन. गिऱ्हाईक उठून गेलं तर माझ्यावरून उठलं म्हणा. आणि त्याला वर पाठवायचं असेल तर माझंही जेवण वरच पाठवा."

शेठजी म्हणाले, वसंतभाऊ, तुम्ही मला वाईट माणूस समजता का? मी म्हणालो, नाही, चांगले आहात, म्हणूनच बोलतोय. त्यांनी एका लग्नसराईची मुदत दिली.

दोन गाद्या सरकवून आम्ही एक केली. पहिल्याच बस्त्याला भास्करने जे केलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. मंडळी बसली, पाणी आलं, आणि त्याने आपला उजवा हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. म्हणाला, "हा हात हलतो. मला कंपवात आहे. मी पीत नाही. हसू चेहऱ्यावर येत नाही, पण आतून खूश आहे. आता सांगा, नवरी कोण?"

काही माणसं गेलीच. एका घरच्या बाईंनी शुभकार्यात आजारी माणसाचा हात नको म्हणून स्पष्ट सांगितलं. भास्करने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा हात दाखवला. मी म्हणालो, प्रत्येकाला सांगायची काय गरज आहे? तो म्हणाला, आधी लपवून पाहिलं ना, तेव्हाही गेलेच की. आता निदान खरं ऐकून जातात.

बहुतेक मंडळी मात्र बसली. बसली आणि बोलायला लागली. ही गोष्ट आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. खरेदी झाल्यावर एखादी बाई मागे रेंगाळायची आणि हळूच विचारायची की माझ्या सासऱ्यांचाही असाच हात हलतो, तुम्ही कोणाला दाखवलं? एक ट्रॅक्टरवाला गडी नुसता भास्करला बघायला आला, त्याच्या आईला घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं. दर वेळी धुळ्याला जा म्हणणं सगळ्यांना झेपणारं नव्हतं. भास्कर म्हणाला, आपण जळगावातच जमू. जागा? जिना चढावा लागणार नाही अशी, बसायला मऊ, पडलं तरी लागणार नाही अशी. आम्ही दोघांनी एकदमच गादीकडे पाहिलं.

शेठजींकडे गेलो. साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी दुकान उघडून द्या म्हणालो. त्यांनी मुदतीचा विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. गल्ल्यामागच्या खुंटीवरून दुसरी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चहाची भांडी घरून येतील. पहिल्या दिवशी अक्का आल्या, छडी घेऊन. आमच्या दुकानात, साड्यांच्या कपाटांमध्ये, हलणाऱ्या माणसांनी छताला भिडेल अशी आरती म्हटली. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराने काय झालं म्हणून धावत येऊन पाहिलं.

तेव्हापासून भास्करने बरीच वर्षं गादीवर काम केलं. मी घड्या घातल्या. माझ्या उमेदवारीतलं काम मला उतारवयात पुन्हा मिळालं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे त्याचे पाय दाराच्या उंबऱ्यापाशी गोठायला लागले. मनात असूनही पाऊल उचलायचं नाही. त्यावर अक्कांनी युक्ती शिकवली, सोबतच्या माणसाने समोर आपला पाय आडवा धरायचा आणि म्हणायचं, हा ओलांड. ओलांडायला काही असलं की पाऊल निघतं. मी आजही त्याच्या दारात माझा पाय आडवा धरतो. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा मित्राला पाडतोय.

खंत आहेच. अक्का गेल्या. शेवटी त्यांचा आवाज पार गेला होता, पण छडी आपटायच्या. भास्कर धुळ्याला गेला होता, मातीला. गाद्या काढल्या तेव्हा आमची सकाळची बैठक एका शाळेच्या खोलीत गेली. शेठजींच्या मुलाने खुर्च्या दिल्या, पण गादीचा मऊपणा काही त्यांना नाही. आणि त्या ट्रॅक्टरवाल्याच्या आईला आम्ही फार उशिरा भेटलो. मागच्या खोल्यांमध्ये अजून किती जण असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आता भास्करचा आवाज कानाजवळ गेल्याशिवाय कळत नाही. वाक्य बाहेर यायला वेळ लागतो. परवा जामनेरला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. त्याला मागे कोपऱ्यात बसवायला निघाले, तर तो चालत पुढे गेला, माझे आडवे पाय ओलांडत, आणि पहिल्या रांगेत बसला. थोड्या वेळाने एक ओळखीचे गृहस्थ आले. त्याच्याकडे बघून हळहळले आणि त्याच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना कळतं का आता काही?"

उत्तर माझ्या अगदी जिभेवर होतं. पण ज्याला विचारायचं त्याला विचारलं नाही म्हणून उत्तरही मीच द्यायचं, हे मला बरं वाटेना. गृहस्थ माझ्याकडे बघत होते, मी भास्करकडे. बँड वाजत होता. भास्करचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गृहस्थ अवघडून निघायला लागले. तेव्हा त्याने थरथरत्या हाताने त्यांची बाही धरली.

"कळतं," तो म्हणाला. "सांगायला वेळ लागतो. बसा."

आणि त्यांना बसावं लागलं.